बाळाची बॅग निवडताना: एका हातानं उघडते का, ते आधी बघा

बाहेर गेल्यावर बाळाला डायपर बदलायला आडवं केलं की आपला एक हात त्याच्या छातीवर जातो आणि तो तिथून उचलायचा नसतो. बाळ कधी पालथं पडेल, याचा नेम नाही. म्हणजे कामाला उरतो एकच हात. त्या हातानं चेन उघडायची, डायपर शोधायचा, वाइप्सचं झाकण उघडायचं, मलम काढायचं आणि घाण डायपर गुंडाळून वेगळा ठेवायचा. बॅग चांगली की वाईट, याचा निकाल या दोन मिनिटांत लागतो. विकत घेताना मात्र आपण ती दोन्ही हातांनी, निवांत उलटसुलट करून बघतो. रिकामी बॅग सगळ्यांनाच आवडते. अडचण कळते ती भरल्यावर आणि घाईत.

म्हणून बॅग बघायला निघण्याआधी घरीच थोडं काम करून ठेवा.

आधी सामान मांडा, मग बॅग शोधा

नेहमीच्या बाहेर जाण्याला जे लागतं ते सगळं पलंगावर मांडा. वर्षातून एकदा होणारा लांबचा प्रवास डोळ्यांसमोर ठेवून बॅग घेऊ नका. आठवड्यातून चार वेळा जिथे जाता, ते डोळ्यांसमोर ठेवा.

डायपर: नवजात बाळाला दिवसाला साधारण ८ ते १२ डायपर लागतात, पुढे ते प्रमाण ६ ते ८ वर येतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर बाहेर राहण्याचे तास भागिले दोन, अधिक दोन. चार तासांसाठी चार डायपर. मोठ्या बाळासाठी भागिले तीन, अधिक दोन. ते वरचे दोन कधीही कमी करू नका. नवा डायपर लावता लावताच बाळ शू करतं आणि एक डायपर तिथल्या तिथे वाया जातो.

वाइप्स: ओल्या डायपरला दोन-तीन आणि शीच्या डायपरला सहा-आठ धरा. अर्ध्या दिवसाला पंचवीस-तीस पुरतात. ऐंशी वाइप्सचं भरलेलं पाकीट अर्ध्या किलोच्या आसपास जातं, ते रोज वागवण्यात अर्थ नाही. छोटं पाकीट घ्या, पण कडक झाकणाचं. चिकटपट्टीच्या झाकणावर मलमाचं बोट लागलं की ते पुन्हा नीट चिकटत नाही आणि वाइप्स वाळून जातात.

कपडे: अंगातल्याशिवाय एक पूर्ण जोड. तीन महिन्यांच्या आत दोन, कारण या वयात शी पातळ असते आणि आडव्या बाळाची ती पाठीकडून वर चढते. दोन लाळेरी, एक दुपटं. दुपट्याचा मीटरभर लांबीरुंदीचा मऊ सुती चौकोन पांघरायला, अंथरायला, आडोशाला आणि पुसायला चालतो, त्यामुळे यात काटकसर नको. मोठ्या माणसाचा एक पातळ सदराही ठेवा. बाळ उलटी करतं तेव्हा ती बहुतेक वेळा आपल्याच खांद्यावर पडते.

याशिवाय बदलायची मॅट, मलमाची छोटी ट्यूब, किमान ६० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर, घाण डायपरसाठी पिशव्यांची गुंडाळी, ओल्या कपड्यांची चेनवाली पिशवी, एखादं खेळणं आणि आईसाठी पाण्याची बाटली. अंगावर पाजणाऱ्या आईला पाजताना हमखास तहान लागते, म्हणून ही बाटली हाताशी हवी.

आता हे सगळं एखाद्या खोक्यात भरा, दाबून नव्हे, सैलसर. खोक्याची आतली लांबी, रुंदी आणि सामानाची उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि १००० ने भागा. ३० × २५ × २० म्हणजे १५ लिटर. त्यात पाव भाग मिळवा: साधारण १९ लिटर. तुम्हाला लागणारी बॅग एवढ्याच आकाराची.

दोन-तीन तासांच्या फेरीला ८ ते १२ लिटर बास होतात, अर्ध्या दिवसाला १५ ते २०, पूर्ण दिवसाला २० ते २५. एका बाळासाठी त्याहून मोठी घेऊ नका. रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतो, आणि भरलेली बॅग खांद्यालाच लागते. लेबलवर लिहिलेल्या लिटरमध्ये बाहेरचे खिसेही धरलेले असू शकतात, त्यामुळे मुख्य कप्पा वेगळा मोजून बघा.

वजन

रिकामी बॅग ७०० ते ९०० ग्रॅमची असावी. सव्वा किलोच्या वर गेली तर ती कितीही देखणी असो, सोडून द्या. अर्धा लिटर पाणी, दूध, कपडे, डायपर, वाइप्स मिळून दोन-अडीच किलो होतात आणि त्यात बाळाचं स्वतःचं वजन रोज वाढत असतं. भरलेली बॅग खांद्याला लावून वजनकाट्यावर उभं राहा, मग बॅगेशिवाय उभं राहा. फरक साडेतीन किलोंच्या वर गेला तर काहीतरी काढा.

पाठीवर, खांद्यावर की हातात?

बहुतेकांसाठी पाठीवरची सॅकच बरी. दोन्ही हात मोकळे राहतात आणि वजन दोन खांद्यांवर वाटलं जातं. एका खांद्याच्या बॅगेचा खरा त्रास वाकताना होतो: बाळावर वाकलात की पट्टा दंडावर घसरतो आणि बॅग झोका घेऊन पुढे येते, थेट बाळाच्या अंगावर. आडवा पट्टा घालून छातीवरून घेतली तरी ती पोटासमोर येतेच.

एका खांद्याची बॅग चालते ती छोट्या फेरीला, आणि गाडीतून उतरून थेट घरात जाणाऱ्यांना. बाळाला हातात, कडेवर घेऊन चालायचं असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

बाळाला पोटाशी कॅरिअरमध्ये बांधत असाल तर पाठीवरच्या सॅकमुळे तोल चांगला साधतो, पण दोन गोष्टी आधी तपासा. कॅरिअरचे पट्टे आधीच खांद्यावर असतात, त्यांच्यावर सॅकचे जाड फुगीर पट्टे बसत नाहीत आणि बाहेर घसरतात. सॅकचा छातीवरचा बेल्टही लावता येत नाही, कारण तिथे बाळ असतं. तेव्हा ५ ते ७ सेंटीमीटर रुंदीचे, फार जाड नसलेले आणि मानेकडे किंचित वळलेले पट्टे बघा. कॅरिअर बांधूनच सॅक घालून बघितलेली चांगली. पाठीवरचं कॅरिअरचं बकल सॅकखाली दाबलं जाऊन टोचतं का, हेही तेव्हाच कळतं. घालताना सॅक शेवटी घालायची, काढताना आधी काढायची.

आता बाबागाडी. बऱ्याच बॅगांसोबत गाडीच्या दांड्याला अडकवायचे हूक येतात आणि ते सोयीचे वाटतात. पण दांडा मागच्या चाकांच्याही मागे असतो. बाळ बसलेलं असतं तोवर त्याच्या वजनानं गाडी तोल धरते. बाळाला उचललं की पुढचं वजन जातं, मागे तीन किलो लोंबकळतात आणि गाडी पाठीमागे उलटते. चढावर तर बाळ आत असतानाही उलटू शकते. हलक्या, घडीच्या गाड्यांना हा धोका जास्त. बॅग खालच्या जाळीत ठेवा. त्यासाठी जाळीची उंची मोजून ठेवा, कारण ताठ, चौकोनी बॅग जाळीत शिरतच नाही आणि मग ती दांड्यालाच जाते.

तोंड कसं उघडतं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बॅग टेबलावर ठेवा, डावा हात पाठीमागे घ्या आणि फक्त उजव्या हातानं चेन ओढा. मऊ, ढिली बॅग चेनीबरोबर सरकत येते, कारण तिला मागे धरून ठेवायला दुसरा हात नसतो. तळ ताठ असेल, बॅग स्वतःच्या पायांवर उभी राहत असेल आणि चेन गोलसर वळणानं जात असेल तर ती एका ओढीत उघडते. काटकोनी कोपऱ्यात चेनीचा सरकता भाग थबकतो. तिथे जोर लावला की दात सुटायला सुरुवात होते. सरकत्या भागाला बोट शिरेल एवढी दोरी किंवा कडी असावी. मलमाच्या निसरड्या बोटांनी छोटा पत्रा धरता येत नाही.

तोंडाचे प्रकार ढोबळमानानं तीन. वर सरळ चेन असलेली बॅग म्हणजे विहीर: खालची वस्तू काढायला वरचं सगळं उपसावं लागतं. दुसरा प्रकार, तोंडाच्या कडेत तारेची चौकट बसवलेली बॅग. उघडली की तोंड आ वासून तसंच राहतं, एका हाताला हे फार सोयीचं. तिसरा प्रकार, चेन तीन बाजूंनी तळापर्यंत जाते आणि बॅग पुस्तकासारखी उघडते. आतलं सगळं दिसतं, मात्र ती आडवी ठेवायला जागा लागते आणि उभी असताना चुकून पूर्ण उघडली तर सामान बाहेर सांडतं. चौकटीचं तोंड आणि शिवाय पाठीच्या बाजूनं तळाशी जाणारी एक छोटी चेन, ही जोडी मिळाली तर दुसरी बॅग बघायची गरज नाही.

वेल्क्रो मुख्य तोंडाला नको. त्याच्या फर्र आवाजानं झोपलेलं बाळ दचकतं, आणि लोकरीचा-सुताचा गुंता त्यात अडकत जाऊन काही महिन्यांत पकड जाते. चुंबकी बटणं सोयीची असतात, पण ती कापडाच्या आत पक्की शिवलेली हवीत. सुटलेली एकाहून जास्त चुंबकं बाळाच्या पोटात गेली तर आतड्यांना गंभीर इजा करू शकतात.

आतले कप्पे

अठरा-वीस कप्प्यांच्या जाहिरातीला भुलू नका. कप्पे जास्त झाले की कशात काय ठेवलं हे आपल्यालाच आठवत नाही, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला तर अजिबात सापडत नाही. आठ-नऊ पुरेत. त्यातले चार महत्त्वाचे: तोंडाशी लवचिक कडेचा डायपर-वाइप्सचा कप्पा, दोन्ही बाजूंना बाटलीचे उभे खिसे, पाठीला लागून चेनवाला खिसा पाकीट-फोनसाठी, आणि मॅटसाठी बाहेरून सरळ हात घालता येईल असा खण. मॅट आत तळाशी असेल तर बाळ कडेवर असताना अख्खी बॅग उचकावी लागते. बाटलीचा खिसा बघताना आपली बाटली खरोखर घालून बघा. आतला कप्पा गच्च भरला की बाहेरचा खिसा आवळला जातो आणि रुंद बाटली बसत नाही.

अस्तर फिकट रंगाचं हवं. काळ्या अस्तरात काळ्या टोपीचं मलम दिसत नाही, आणि संध्याकाळी तर काहीच दिसत नाही.

थंड-गरम राखणारा खिसा आणि दूध

या खिशाबद्दल बराच गैरसमज आहे. फोमचा थर आणि चंदेरी पडदा तापमान बदलण्याचा वेग कमी करतो, बाकी काही करत नाही. त्यात तयार केलेलं पावडरचं दूध कोमट ठेवणं सगळ्यात धोक्याचं, कारण कोमट दूध म्हणजे जंतूंची पैदास. हा खिसा थंड ठेवण्यासाठीच वापरायचा, आणि तोही बर्फाच्या पॅकसकट.

काढलेलं आईचं ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ४ तास टिकतं, गोठवलेल्या पॅकसोबत बंद, थंड पिशवीत २४ तासांपर्यंत. पॅक बाटलीला चिकटून असावेत, म्हणून खिशात बाटली आणि पॅक दोन्ही मावतात का, हे बघा. बऱ्याच खिशांत नुसती बाटलीच मावते.

पावडरचं दूध देत असाल तर पावडर मोजून कोरड्या डबीत आणि गरम पाणी चांगल्या थर्मासमध्ये असं वेगवेगळं न्या. पावडर निर्जंतुक नसते, म्हणूनच दूध किमान ७० अंशांच्या पाण्यात करून मग निववायला सांगितलेलं आहे. थर्मास किती वेळ तेवढं तापमान धरतो, ते घरी एकदा थर्मामीटर लावून बघून ठेवा. तयार दूध २ तासांच्या आत संपवा. बाळानं प्यायला सुरुवात केली की तासाभरात उरलेलं फेकून द्या. थर्मास बॅगेत कायम उभा आणि बाळाच्या हातापासून दूर ठेवा.

कापड, शिवण, चेन

पॉलिएस्टर ६०० डेनिअरच्या (धाग्याच्या जाडीचं माप) आसपासचं असेल तर रोजच्या घासाघाशीला टिकतं. नायलॉन त्याहून पातळ, ४२० डेनिअरचंही चालतं, कारण मुळात तो धागा चिवट. कॅनव्हास दिसायला छान, पण पाणी पितो, जड होतो आणि वाळायला दिवस घेतो. कातड्यासारख्या दिसणाऱ्या कापडावर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा थर असतो. दमट हवेत आणि उष्णतेत हा थर काही वर्षांत चिकट होऊन पापुद्रे सोडायला लागतो. पट्ट्यावर आणि बाळाचा हात लागेल तिथे तो नको.

‘पाणीरोधक’ कापडाची बॅगही शिवणीतून गळते. सुईचं प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याला वाट. जोराच्या पावसात तासभर चालायचं असेल तर वरून घालायचं आवरण वेगळं ठेवा.

शिवण बघायची ती पट्टा जिथे बॅगेला जोडला आहे तिथे. बॅग इथेच तुटते. पट्ट्याचं टोक वरच्या वर शिवलेलं नसावं. ते शिवणीच्या आत किमान दोन सेंटीमीटर गेलेलं असावं आणि त्यावर चौकोन मारून मध्ये फुलीची टीप असावी. पट्टा एका हातानं धरा, बॅग दुसऱ्या हातानं खाली ओढा आणि टिपेकडे नीट बघा. सुईची छिद्रं लांबट होऊन त्यातून अस्तराचा रंग दिसायला लागला तर ती शिवण वर्षभरही तग धरणार नाही. आतून उलटून बघा: कापडाच्या कडा उघड्या, दशा निघालेल्या असतील तर त्या दशा चेनीत अडकणारच.

चेनीचा क्रमांक, म्हणजे तिच्या दातांच्या रुंदीचं माप, बऱ्याचदा सरकत्या भागाच्या मागे उठवलेला असतो. मुख्य तोंडाला ५ किंवा ८, त्याखाली नको. दोन सरकते भाग असले तर उत्तम, एक बिघडला तरी बॅग बंद होते.

मॅट आणि ओली पिशवी

बॅगेसोबत येणारी मॅट बहुधा आखूड असते. बाळाचं डोकं, पाठ आणि कुल्ले मावायला किमान ६० × ३५ सेंटीमीटर हवी, सहा महिन्यांनंतर ७० × ५० बरी. घडी अशी असावी की जमिनीला लागणारी बाजू बाहेर राहील आणि बाळाची बाजू आत. दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असतील तर एका कोपऱ्यावर ठळक धागा घाला, नाहीतर कुठली बाजू खाली होती हे विसरायला होतं.

कापडी लंगोट वापरणाऱ्यांना ओली पिशवी नीट निवडावी लागते. आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड, वर चेन, ३० × ४० सेंटीमीटर, एवढ्यात चार-पाच लंगोट बसतात. मधोमध शिवण नको, ती पाझरते. भरलेली पिशवी बॅगेत उभीच ठेवा आणि कपड्यांच्या खाली कधीच नको.

आत काय ठेवू नये, कुठे ठेवू नये

सात-आठ महिन्यांचं बाळ बॅगेजवळ बसलं की आत हात घालतंच. औषधं, नाणी, नखं कापायचं यंत्र आणि बटणासारख्या चपट्या बॅटरीची कुठलीही वस्तू पाठीच्या चेनवाल्या खिशात, आणि चेन पूर्ण लावलेली. बटण बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आत गंभीर भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब रुग्णालय गाठायचं. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या सुट्या ठेवू नका, तोंडावर बसून श्वास कोंडतो. गुंडाळीसाठी बंद डबी वापरा.

घेण्याआधी दहा मिनिटं

सोबत दोन-तीन किलोंचं काहीतरी न्या, किंवा तिथलं सामान मागून बॅग भरा. उभी ठेवून सोडा: पडते का? खांद्याला लावून चाला, जिन्याच्या चार पायऱ्या चढा. कडेवर बाळाएवढं ओझं घेऊन एका हातानं बॅग घाला आणि काढा. मग जमिनीवर बसून, एक हात जमिनीवर टेकवून डायपर बाहेर काढा. पंधरा सेकंदांच्या आत निघायला हवा. नाक लावून वासही घ्या. आठवडाभर उघडी ठेवूनही जाणार नाही असा उग्र रासायनिक वास असेल तर परत ठेवा.

घरात चांगली, ताठ तळाची जुनी सॅक असेल तर नवीन घ्यायची निकड नाही. तिच्यात तीन चेनवाल्या थैल्या घाला: एक डायपर-वाइप्स-मलमाची, एक कपड्यांची, एक दुधाची. तीन वेगळे रंग घेतले की हात आपोआप बरोबर थैलीवर जातो. बाळाच्या नावावर विकल्या जाणाऱ्या अनेक बॅगांपेक्षा ही व्यवस्था सरस ठरते, आणि डायपरची थैली तेवढीच उचलून बदलायच्या खोलीत नेता येते.

भरणं आणि निगा

जड वस्तू पाठीला लागून मधल्या उंचीवर, कपडे तळाशी, डायपर आणि वाइप्स तोंडाशी. पाण्याची आणि दुधाची बाटली दोन विरुद्ध बाजूंना, म्हणजे बॅग एकीकडे झुकत नाही.

दूध सांडलं तर आधी थंड पाण्यानं पुसा. गरम पाण्यानं दुधातलं प्रथिन कापडाच्या धाग्यात घट्ट बसतं आणि आंबट वास राहूनच जातो. मग कोमट पाणी आणि साधा साबण, आणि शिवणींवरून मऊ ब्रश. आतला थर दिलेला असेल तर यंत्रात घालू नका, कडक उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. सावलीत, सगळ्या चेना उघड्या ठेवून वाळवा. मॅट ओली असताना घडी घालून ठेवली की दोन दिवसांत काळे ठिपके येतात, आणि ती बुरशी नंतर निघत नाही.

बाहेरून आल्यावर त्याच दिवशी बॅग भरून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी निघताना काहीतरी राहतंच. आणि महिन्यातून एकदा तळाशी ठेवलेला कपड्यांचा जोड बाहेर काढून बाळाच्या अंगाला लावून बघा. वापरायची वेळ आली नाही म्हणून तो तिथेच पडून राहतो, आणि गरज पडते तेव्हा तो दोन महिन्यांपूर्वीच्या बाळाच्या मापाचा निघतो.